भंगारवाल्याचा एपिसोड

साजगावच्या एका कारखान्याच्या गेटवर जे साहेब बसायचे, त्यांनी माझ्या अब्बांना दोनदा फसवलं. पहिल्यांदा अब्बा जिवंत होते. दुसऱ्यांदा अब्बा कब्रस्तानात होते आणि साहेब कर्जतला आपल्या घरच्या झोपाळ्यावर, हातात मोबाइल घेऊन.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेबद्दल बरंच बोलणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाई मालिकेवर चिडली आहे. मालिकेवर चिडलेच आहे. पण माझं भांडण ज्यांच्याशी आहे ते पडद्यावर नाहीत.

मालिका हेरांची होती. नाव लिहीत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना लगेच कळेल, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांचं काही अडणार नाही. टीव्हीवर एकच चॅनल लागायचं तेव्हाची गोष्ट. राखाडी सफारी घालणारा एक अधिकारी, जो कधी हसायचा नाही आणि माणूस पकडायच्या आधी शांतपणे चष्मा पुसायचा. त्याने चष्मा पुसायला घेतला की साजगावच्या चाळीत पोरंसुद्धा श्वास रोखून बसायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. मी शेजारच्या काकूंकडे उंबऱ्याजवळ बसून बघायचे. अब्बांनी ती मालिका कधीच पाहिली नाही. त्या वेळी ते हातगाडी धूत असायचे.

अब्बांचा धंदा भंगाराचा. आमचं मूळ खाली खाडीकडचं, पण अब्बा तरुणपणीच कामासाठी वर आले आणि कारखान्यांच्या आजूबाजूला राहिले. कारखान्यांचं लोखंड मोठे ठेकेदार ट्रक लावून उचलायचे. त्यातून उरेल ते अब्बांचं: पुठ्ठे, रद्दी, रिकामे डबे, फाटकी पोती. भाव करण्यात त्यांचा हात धरणारा खोपोलीत कोणी नव्हता. एका पत्र्याच्या डब्यासाठी ते असे बोलायचे की विकणारी बाई आधी चिडायची, मग हसायची, आणि शेवटी डबा देऊन वर पाणी प्यायला द्यायची. मी जे काही शिकले ते त्या गाडीमागून चालताना शिकले.

पण त्यांचा एक नियम होता. दिवसाचा पहिला माल घासाघीस न करता उचलायचा. बोहनीला समोरचा जो भाव सांगेल तो मान्य. तोंडातून 'नाही' काढायचं नाही, माल परत जाऊ द्यायचा नाही. त्यानंतर दिवसभर कोणालाही सोडायचं नाही. हा नियम काही अब्बांनी शोधलेला नव्हता. नाक्यावरचा भाजीवाला, बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायका, चपला शिवणारा, सगळे आपापल्या परीने तो पाळायचे. आजही पाळतात. मीही पाळते, आणि दिवसाचा पहिला टेंपो आत आला की माझी माणसं गालात हसतात, कारण तेवढ्यापुरती मालकीण गोड बोलते.

आता साजगावात सगळ्यात आधी उघडणारं गेट कोणतं? साहेबांचं. पहिली पाळी आत गेली की साहेब गोदामातली रद्दी आणि पुठ्ठे बाहेर काढून ठेवायचे. अब्बांची गाडी रोज पहिली तिथे. साहेब भाव सांगायचे, अब्बा मान डोलवायचे, माल गाडीवर. म्हणजे अख्ख्या तालुक्याने ज्या माणसाला भांडताना पाहिलं होतं, त्याला साहेबांनी भांडताना कधी पाहिलंच नाही.

आणि मग तो एपिसोड आला.

त्यात कुठल्या तरी संरक्षणाच्या कारखान्यातून नकाशे बाहेर जात असतात. सगळ्यांचा संशय एका इंजिनिअरवर. आपला अधिकारी मात्र कारकुनाचा वेश करून रद्दी विकायला जातो. समोर भंगारवाला. नुकतंच दुकान उघडलेलं, उदबत्तीचा धूर, दारात शिंपडलेलं पाणी. अधिकारी जुन्या वर्तमानपत्रांचा असा काही चढा भाव सांगतो की ऐकणाऱ्याला हसू यावं. भंगारवाला म्हणतो, ठीक आहे, ठेवा. अधिकारी बाहेर येतो आणि सहकाऱ्याला सांगतो की जो भाव करत नाही तो भंगारवाला असूच शकत नाही. चष्मा पुसतो. संगीत. पुढच्या दृश्यात धो धो पाऊस, टॉर्चचा झोत, गाठोडं सुटतं, आत नकाशे, भंगारवाला गुडघ्यावर. चाळीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असतील. लहान होते.

दुसऱ्या दिवशी अब्बा सकाळीच परत आले. मे महिना होता, शाळेला सुट्टी, म्हणून मी घरी होते. गाडी रिकामी होती. ते चपला न काढता ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "काल टीव्हीवर काय होतं गं?"

"का?"

"साहेब म्हणले, उद्यापास्नं येऊ नको. म्हटलं, काय चुकलं? तर म्हणले, काल टीव्ही बघितला ना, आता आमचेपण डोळे उघडलेत. काय होतं एवढं?"

मी त्यांना सगळा एपिसोड सांगितला. चष्म्यासकट, संगीतासकट. ते फार मन लावून ऐकत होते. भाव सांगितल्यावर तो ठीक आहे म्हणाला, इथे त्यांनी मला थांबवलं.

"सकाळ होती का?"

"हो. दुकान उघडत होता. उदबत्ती होती."

"मग बोहनी असंल," अब्बा म्हणाले. "त्याला कशाला धरला?"

एका गेटने काय होतं, असं कोणी म्हणेल. पण गेटवरचा माणूस दुसऱ्या गेटवरच्या माणसाबरोबर चहा पितो. पाऊस सुरू व्हायच्या आत एकेक करून सगळी गेटं बंद झाली. चाळीत पोरं मला "हेराची पोर" म्हणायची, त्याचं मला तेव्हा वाईट वाटण्यापेक्षा रागच जास्त आला. एकाचा दात पाडला होता मी. अब्बांना मात्र कोणी तोंडावर काही म्हणालं नाही, फक्त बायका डबे परत आत ठेवायला लागल्या. शेवटी आम्ही कुंभिवलीला हायवेवर आलो. तिथे कोणी आम्हाला ओळखत नव्हतं. टायर, बॅटऱ्या, अपघातातल्या गाड्यांचे पत्रे असं करत करत अब्बांनी पुन्हा सुरुवात केली, आणि नंतर मी. आज वजनाचा मोठा काटा आहे, दोन टेंपो आहेत, पत्र्याचं कुंपण आहे. कोणाच्या मेहरबानीने नाही. अब्बा गेले तेव्हा हे सगळं बघून गेले. पण साजगावच्या रस्त्याने ते परत कधी गेले नाहीत. खोपोलीला जायचं झालं तरी मला म्हणायचे, दुसरीकडनं घे.

इतकी वर्षं मी ते मनात ठेवून धंदा केला. मग त्या जुन्या मालिकेचे सगळे भाग कोणीतरी मोबाइलवर टाकले.

माझ्याकडे कर्जतकडच्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली एक बाई वायरी सोलून तांबं काढायला आहे. आम्ही दोघी जवळपास एका वयाच्या. तिला हेरांचं भारी वेड. जेवणाच्या सुट्टीत पोत्यावर फोन टेकवून ठेवते आणि भाकरी खाता खाता त्या अधिकाऱ्याला शिव्या देते. "ह्यो कसला रं हेर! बूट वाजवत चोराच्या घरात चाललाय. आमच्या वाडीतला रानात शिरला तर पान हलत नाय." एक दिवस तिने तोच एपिसोड लावला. मी काट्याजवळ उभी होते. ते संगीत ऐकलं आणि मी हातातला माणूस, म्हणजे ज्याच्याशी भाव चालला होता तो, तसाच सोडून तिच्याजवळ जाऊन बसले.

इतक्या वर्षांनी पाहिला. उदबत्तीचा धूर खरंच होता. दारात पाणी शिंपडलेलं खरंच होतं. लिहिणाऱ्याने सकाळ दाखवली होती आणि सकाळचा अर्थ त्याला माहीत नव्हता. मी हे तिला सांगितलं. अब्बांचं गेट कसं गेलं तेही सांगितलं. तिने भाकरीचा घास चावत विचार केला.

"भाभी, खरं सांगू? ह्या मालिकेतला चोरच हाय. डोळे बघ त्याचे. बोहनी असू दे नायतर काय पण असू दे."

"म्हणजे तुलाही पटलं?"

"अगं, त्यो चोर हाय म्हंजी तुझा बाप चोर झाला काय? त्यो नाटकातला, तुझा बाप घरातला."

एवढं साधं होतं. ते त्या साहेबांना कळलं नाही.

त्या भागाखाली लोकांनी मतं लिहिली होती. मी वाचायला लागले. वाचतच राहिले. एकाला आजोबांची आठवण आली होती. एकजण परदेशातून लिहीत होता की हे संगीत ऐकून तो रडला. एकाने जीपच्या नंबरप्लेटमधली चूक काढली होती आणि त्यावर वीस जण भांडत होते. आजकालच्या मालिकांत असं काही राहिलं नाही, हे तर प्रत्येकाने लिहिलं होतं. पण सगळ्यात जास्त कौतुक त्या भाव न करण्याच्या दृश्याचं. काय निरीक्षण, काय बुद्धी, असा लेखक पुन्हा होणे नाही.

मी लिहिलं, "बोहनीला कोणी घासाघीस करत नाही. लेखकाला धंदा माहीत नव्हता. हे दृश्य चुकीचं आहे."

उत्तरं आली. "मावशी, मालिका आहे, शांत व्हा." मी लिहिलं, शांत तुम्ही व्हा, मी खरं बोलतेय. दुसरा म्हणाला, भंगार विकत घेणाऱ्याला कसली बोहनी, ती विकणाऱ्याची असते. त्याला मी विचारलं की तू आयुष्यात घरच्या रद्दीशिवाय काय विकलंस. तिसऱ्याने लिहिलं की भंगारवाल्यांना भंगारवाल्यांचा पुळका येणारच. त्याला मी जे लिहिलं ते काढून टाकलं गेलं, मी नाही काढलं. तांबं सोलणारी मला म्हणाली, "भाभी, टेंपो उभा हाय बाहेर. तू लोकांशी भांडत बसलीस?" मी म्हटलं, उभा राहू दे.

मग खाली सरकत सरकत मला ते सापडलं.

"आमच्या साजगावच्या कंपनीत अगदी असाच भंगारवाला पकडला होता. याच एपिसोडवरून मला शंका आली. गेटवर मीच होतो. गाठोड्यात नकाशे निघाले. सत्य घटना." खाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग. "सलाम सर." "तुमच्यासारख्यांमुळे देश सुरक्षित आहे." बाजूला लहान गोल फोटो, मिशा पांढऱ्या झालेल्या, पण कपाळ तेच. गेटवरचं.

मी तिथल्या तिथे काही लिहिलं नाही. मला ओळखणाऱ्यांना सांगते, मी गप्प बसले की घाबरायचं असतं. कर्जतला साहेब नदीपलीकडे घर बांधून राहतात हे मला कधीपासून माहीत होतं. अशा माणसाचा पत्ता मी विसरत नाही. दुसऱ्या दिवशी एक टेंपो मीच काढला आणि चौक गावावरून कर्जतला गेले.

साहेब बाहेर झोपाळ्यावर बसले होते. मला ओळखायचं कारणच नव्हतं.

"त्या हेरांच्या मालिकेबद्दल बोलायचं होतं," मी म्हटलं. "तुम्ही खाली लिहिलंय ना, भंगारवाल्याबद्दल."

त्यांचा चेहरा असा काही उजळला! "अगं ऐकलंस का," त्यांनी आत हाक मारली, "माझं वाचून लोक घरापर्यंत यायला लागले. सरबत आण. बसा हो ताई, बसा. तुम्हीपण बघायचात का तेव्हा?"

"बघायचे."

"काय दिवस होते! बरं, तुम्हाला सांगतो. कितीतरी दिवस मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. दिसायला अगदी गरीब. पण कधी भाव करायचा नाही. मी म्हणालो, पाणी मुरतंय. त्या दिवशी धो धो पाऊस. गाठोडं बांधून निघाला. म्हटलं, थांब. टॉर्च मारला तोंडावर."

"सकाळीच यायचा ना तो? टॉर्च कशाला लागला?"

"आभाळ भरून आलं होतं ना. गाठ सोडली, तर वर्तमानपत्रांच्या आत मशीनचे नकाशे! गुडघ्यावर बसला हो. माझे पाय धरले."

त्यांचा आवाज भरून आला होता. खोटं बोलणारा माणूस मला लांबून कळतो, माझा धंदाच त्यावर आहे. साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना ते सगळं दिसत होतं. मे महिन्यातल्या धुळीत, हात हलवून "उद्यापासून येऊ नकोस" म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. आठवत होता तो पाऊस, जो टीव्हीत पडला होता.

मी फोन काढला, तो एपिसोड लावला आणि त्यांच्या हातात दिला. पाऊस, टॉर्च, गाठोडं, गुडघे. साहेबांच्या बायको सरबत घेऊन आल्या होत्या, त्याही वाकून बघायला लागल्या.

"हे तर तुमचंच चाललंय," त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "पण अहो, तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं ना, की काही सापडलं नाही, नुसताच काढला त्याला?"

"तू आत जा," साहेब म्हणाले. त्या आत गेल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"साहेब नाही म्हणणार तुम्हाला, काका म्हणते," मी म्हटलं. "अब्बा साहेब म्हणायचे. त्या भंगारवाल्याची मी मुलगी."

झोपाळा त्यांनी पायाने थांबवला. मग ते म्हणाले, "हे बघा ताई, तसं काही माझ्या मनात नव्हतं. आमच्या शेजारी तुमचेच लोक होते. ईदला शीरखुर्मा यायचा आमच्याकडे."

"मी कुठे म्हटलं तसं? तसं तुम्हीच काढलंत."

"नाही, म्हणजे, संशय यायला कारण होतं. मला एक सांगा, सगळे भाव करायचे, एकटा तोच का करत नव्हता? द्या उत्तर."

मी दिलं. पहिली पाळी, पहिलं गेट, पहिला माल. बोहनी. साहेब ऐकत होते. ते कर्जतच्या बाजारात भाजी आणतात, त्यांना बोहनी माहीत नाही असं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते येताना मला दिसलं, आणि येता येता परत गेलेलंही दिसलं.

"मग त्याने तसं सांगायचं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत?"

"आता झालं ते झालं. तुमचं म्हणणं काय आहे?"

हा प्रश्न मला कळतो. भाव सुरू झाला.

मी म्हटलं, "जे लिहिलंय ते पुसा. आणि तिथेच लिहा, मी लिहिलं ते खोटं होतं, त्या माणसाकडे काही सापडलं नव्हतं."

"पुसणार नाही. एवढ्या लोकांनी वाचलंय. मागे 'असं ऐकिवात आहे' जोडतो."

"ऐकिवात? गेटवर तर तुम्हीच होतात."

"बरं, 'बहुतेक' टाकतो."

"बहुतेक काय? बहुतेक माझा बाप?"

दाराशी काकूंना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, हसू आलं, ते त्यांनी पदराने दाबलं. साहेब तापले. "'पकडला' काढून 'संशय होता' करतो. याच्या पुढे नाही."

"ठीक आहे. 'संशय होता' लिहा. त्याच्या पुढे लिहा, 'काही सापडलं नाही.' बस. पुसू नका, माफी मागू नका. एवढे तीन शब्द द्या मला."

मी इतकी खाली येत नाही. माझ्या काट्यावर कोणी विचारावं. पण त्या तीन शब्दांसाठी आले.

साहेब म्हणाले, "ते लिहिलं तर त्या गोष्टीत राहिलं काय?"

तेव्हा मी उठले. भाव करणाऱ्याला उठणंही यावं लागतं. घाईने उठायचं नाही. सरबताचा पेला सरळ ठेवायचा. पायरीवर चपला शोधायला जरा वेळ लावायचा, फाटकाच्या कडीला हात लावून पदर नीट करायचा. ज्याला द्यायचं असतं तो तेवढ्यात हाक मारतो. आजवर माझ्या मागे हाक आली नाही असं फार कमी वेळा झालंय. मी एक चप्पल घातली. दुसरी घातली. पदर नीट केला. मागे झोपाळ्याची कडी पुन्हा कुरकुरायला लागली.

हाक आली नाही.

फाटकापर्यंत काकू आल्या. "मी सांगून बघते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण ऐकायचे नाहीत हो. रिटायर झाल्यापासून घरात त्यांना कोणी काही विचारत नाही. आता कुठे लोक सर म्हणायला लागलेत."

मला त्यांची दया आली असती, पण ज्याच्या जिवावर ते सर झाले होते तो माझा बाप होता.

परत येताना मी टेंपो मुद्दाम साजगावच्या रस्त्याने घातला. ते गेट आता नाही. तिथे दुसरीच कंपनी आहे, काचेची केबिन, आत मान खाली घालून मोबाइल बघणारा कोणीतरी. मी हॉर्न वाजवला, त्याने वर पाहिलं, मी निघून आले.

मला वाटलं होतं काकू त्यांना पटवतील. मनातून मी वाट बघत होते. चार दिवसांनी तांबं सोलणारी फोन घेऊन माझ्याकडे आली. बसली नाही, उभ्या उभ्याच धरला.

"बघ. तुझ्या काकाने लिवलंय."

जुनं सगळं होतं तसंच होतं. सत्य घटना, नकाशे, गाठोडं. खाली नवीन ओळी जोडल्या होत्या. "त्या भंगारवाल्याची मुलगी परवा मला शोधत घरी आली होती. बापाच्या वतीने बोलली. माझ्या मनात कटुता नाही. मी माफ केलं." आणि त्याखाली अंगठेच अंगठे. "केवढं मोठं मन, सर." "डोळ्यांत पाणी आलं." "एखादा भाग यावरही निघायला हवा."

बाहेर कोणीतरी भाव विचारत होतं.

"तू गेली नसतीस तर बरं झालं असतं काय गं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी परत जाईन."

"जाऊ नको. जाशील आन् परत कायतरी लिवून टाकील त्यो. तू लिही. त्या फोनात नको, तिथं दोन ओळीत मावत नाय. मोठं लिही."

म्हणून हे लिहिलं. मी मालिकेवाल्यांकडे काही मागत नाही. त्यांचा भंगारवाला त्यांचा, त्याला त्यांनी चोर करावं नाहीतर राजा करावं. ज्याने लिहिलं तो असेल-नसेल. लोकांनाही मालिका आवडली तर आवडो. माझ्या कामाच्या बाईलाही आवडते, आणि तिच्याशी माझं भांडण नाही.

पण कर्जतचे साहेब, तुम्ही आहात. रोज झोपाळ्यावर बसता, चष्मा लावून सगळं वाचता, म्हणजे हेही वाचाल. माफी देण्याआधी गुन्हा लागतो. तुमच्या गेटवर माझ्या बापाच्या गाडीवर पुठ्ठे होते, रद्दी होती, रिकामे डबे होते, आणि तुम्ही त्यातलं एक गाठोडंही सोडून बघितलं नाहीत. ज्याने काही केलंच नाही त्याला तुम्ही माफ कशाचं केलंत? जिथे अंगठे घेतलेत त्याच जागी, तुम्हाला सर म्हणणाऱ्या सगळ्यांसमोर, लिहा. त्या सकाळी गाठोड्यात काय सापडलं होतं, साहेब? उत्तर द्या.